शनिवारची खानावळ

बेळगावातल्या एका सरकारी मराठी शाळेत आम्ही तिघी शिक्षिका होतो. एकमेकींना गावावरूनच हाक मारायचो. मी काकती, दुसरी खानापूरकडची गुंजी आणि तिसरी निपाणी. शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की मागच्या गल्लीतल्या खानावळीत आम्ही जेवायला बसायचो. आठवडाभर घरात वाढणाऱ्या आम्ही. त्या दिवशी मात्र दुसरं कुणीतरी आम्हाला वाढायचं.

खानावळ एका कानडी कुटुंबाची होती. तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही. दुपारी बसायला जागा मिळायची नाही. भाकऱ्या थापण्याचा आवाज, ताटांचा खणखणाट, मिक्सर, टीव्ही आणि त्यावर सगळ्यांच्या कानडी-मराठी गप्पा. त्या गोंगाटात आम्हाला मोकळं वाटायचं.

बोलायची ती निपाणीच. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. त्या घरात शिकून नोकरीला लागलेली ही पहिलीच. वखारीतल्या बायकांच्या गोष्टी, तपासणीला आलेल्या साहेबांची कानडीत सुरू होऊन मराठीत अडखळणारी भाषणं, सगळं ती हुबेहूब करून दाखवायची. शेजारच्या टेबलावरची माणसंही जेवायची थांबायची. गुंजी शांत स्वभावाची. तिच्या मुलीला दहावीच्या वर्षी गणित जमेना, तेव्हा निपाणीनं तिला आपल्या घरी बसवून शिकवलं होतं. मुलगी पास झाली तेव्हा गुंजीपेक्षा निपाणीच जास्त नाचली.

पुढं निपाणी बदलली. आम्हा दोघींना बोलूच देईना. एक गोष्ट संपली की लगेच दुसरी सुरू. मधेच आम्ही काही विचारलं तर हसून मान डोलवायची आणि आपलंच पुढं चालू ठेवायची. वाढणाऱ्यानं भात हवा का विचारलं, तर ही म्हणायची, "आत्ताच आलोय." आम्ही हसायचो, तीही हसायची. गुंजी एकदा मला म्हणाली, "तिला आता आपलं काय ऐकायचंच न्हाय गं. नुसतं स्वतःचं कौतुक." मलाही तसंच वाटू लागलं होतं.

मग तो शनिवार आला. निपाणी कुठल्याशा लग्नातली गंमत सांगत होती. नवरदेवाची घोडी उधळून शेतात शिरल्याची. आम्ही हसलो. हसणं ओसरलं आणि गुंजी ताटाकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "माझी पोरगी सासरहून परत आलीया. सोडलंय त्यानं तिला."

निपाणीनं टेबलावर थाप मारली आणि खळखळून हसत म्हणाली, "बरं झालं की गं! लई माजलं होतं ते!"

गुंजी उठली. अर्धी भाकरी तशीच टाकून, हातही न धुता बाहेर पडली. मी तिच्यामागं धावले. वळून पाहिलं तर निपाणी एकटीच बसली होती, तोंडावरचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

त्यानंतर गुंजी तिच्याशी बोलली नाही. निपाणी स्टाफरूममध्ये यायची, गुंजी उठून जायची. थोड्याच महिन्यांत निपाणीनं बदली मागून घेतली आणि ती माहेरच्या भागात निघून गेली. आम्ही समजलो, तोंड दाखवायची लाज वाटली असेल. आम्हा दोघींचं खानावळीत जाणंही आपसूक थांबलं.

काही वर्षांनी संकेश्वरला एका नातेवाइकांकडं बारशाला गेले होते. तिथून निपाणी गाव जवळ, म्हणून तिच्या घरी गेले. दार उघडल्यावर आधी दिसलं ते तिच्या दोन्ही कानांमागचं यंत्र.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"यंत्र आत्ता घेतलं. ऐकू यायचं मात्र लई आधीच कमी झालतं," ती म्हणाली. "शाळेत कळलं असतं तर वर्ग काढून घेतला असता, अशी भीती. खानावळीत तर काहीच कळायचं न्हाय. तुम्ही बोलायला लागलात की मला घाम फुटायचा. म्हणून मीच बोलत राहायची."

चहा ठेवत तिनं विचारलं, "गुंजी का रुसली गं माझ्यावर? मी काय केलं?"

मी सांगितलं. गुंजी काय म्हणाली आणि ही त्यावर काय म्हणाली, ते सगळं. ती खाली बसली. "मला वाटलं, घोडीबद्दलच बोलतीया. सोडलं, एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, घोडीनं त्या माजलेल्या नवरदेवाला शेतातच सोडलं." मग पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. "त्या पोरीबद्दल मी असं बोलीन व्हय गं?"

बेळगावात परतल्यावर मी गुंजीकडं गेले. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "एकदा तरी म्हणायचं होतं तिनं, मला ऐकू येत न्हाय म्हणून." आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा, "आपण तरी कुठं विचारलं?"

तिनंच फोन लावून निपाणीला बोलावलं. आम्ही तिघी पुन्हा त्याच खानावळीत बसलो. यंत्रातून ताटांचा आवाज कानात घुसतोय म्हणून निपाणीनं दोन्ही यंत्रं काढून पर्समध्ये ठेवली. गुंजीनं तिच्या ताटात दही वाढलं, पाठीवरून हात फिरवला. राग उरला नव्हता. पण निपाणीनं त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही. आमच्या ओठांकडं बघत, घाबरत घाबरत जेवत राहिली.

जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "पोरगी कशी आहे?"

गुंजीनं मोबाइलवर फोटो दाखवले. मुलीचं दुसरं लग्न मागच्याच वर्षी झालं होतं, ती आता हुबळीत सुखानं नांदत होती. निपाणी एकेक फोटो बोटानं मोठा करून बघत होती. हळदीचा, अक्षतांचा, पंगतीचा. पंगतीच्या फोटोत मी होते, शाळेतल्या सगळ्या बाया होत्या. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"छान दिसतीया," ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला.