मागच्या सॉकेटवरचा दिवा

गाडीत जादा सॉकेट बसवायचे माझ्या मनात फार दिवसांपासून होते. मोबाइल, टॉर्च, चहाची छोटी किटली अशी कारणे मी सांगत असे आणि बायको सुनंदा म्हणत असे, "आधी कुठे जायचं ते ठरवा, मग किटली लावा." यंदा नवरात्रात जायचे ठरले, तेही कल्पनेत नव्हते अशा कारणाने. कोणी झाशीहून एरचला जाणार असेल, किंवा जुन्या जीपमध्ये सॉकेट बसवायच्या विचारात असेल, तर दोघांनाही यातले काही उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

मी मूळचा साताऱ्याकडच्या एका खेड्यातला. शाळा गावातच झाली, पुढे फौजेत गाड्या दुरुस्त करण्याचे काम केले. बबिन्याच्या छावणीत बदली झाली तेव्हा जवळच झाशीतल्या एका जुन्या मराठी घरात लग्न ठरले आणि मी इथलाच झालो. आता एका शाळेच्या बसगाड्या सांभाळतो. सुनंदाचे पूर्वज शिपाईगिरी करत इकडे आले आणि राहिले. घरात मराठी आहे, पण तिला शेजारच्या हिंदीचा वास आहे आणि मधेच असा एखादा जुना शब्द निघतो की मी बघत राहतो.

माझ्या सासूबाई, माई, आमच्याकडेच असतात. नवरात्रात त्यांचा अखंड दिवा असतो. घट बसल्यापासून उठेपर्यंत त्यात खंड नाही, आणि त्यांच्या आठवणीत तो कधी पडलेलाही नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, एरचला दिले आहे. त्या दरवर्षी नवरात्रात येतात आणि दोघी बहिणी दिव्यासमोर बसून असतात. फार बोलत नाहीत. नुसत्या बसतात.

यंदा पावसाळ्यात आक्का अंगणात घसरल्या आणि कंबरेचे हाड मोडले. पहिल्या माळेला त्यांचा फोन आला, "माई, ह्या वर्षी दिवा दिसायचा नाही गं." एवढेच म्हणाल्या. त्यानंतर माईंना उपासाचा बटाटाही घशाखाली जाईना.

"तुम्ही जाऊन या ना," सुनंदा म्हणाली. "दिव्याला तेल मी घालते."

"मी जाऊन काय करू? तिला मी नकोय, दिवा हवाय."

कंदिलात ज्योत घेऊन जाऊ, असे त्यांनीच सुचवले. मी नाही म्हणालो. चालत्या गाडीत उघडी आग न्यायची नाही हे माझ्या हाडात बसले आहे. मग भीतभीत म्हणालो, "माई, विजेचा चालेल का? गाडीच्या बॅटरीवर?"

त्यांनी दुपारभर विचार केला. संध्याकाळी माळ ओवता ओवता म्हणाल्या, "घरचा तो दिवा. गाडीतला त्याचा सोबती. पण जावईबापू, सोबत म्हणजे सोबत. इथून उंबरा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत त्यालाही खंड पडता कामा नये. जमेल?"

मी जमेल म्हणालो, आणि त्या क्षणापासून ती जबाबदारी माझी झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माणिक चौकात गेलो. त्या गल्ल्यांत वाट्टेल ती वायर मिळते, फक्त गाडी लांब लावून चालत जायचे. मी पोचलो तेव्हा दुकानदार फळ्या लावत होता. "बाबूजी, दुकान बढ़ा दी. कल आइए." नवा होतो तेव्हा हे ऐकून मला वाटायचे, इथले व्यापारी रोज संध्याकाळी दुकान मोठे करतात की काय! 'बंद' हा अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून 'बढ़ाना', हे समजायला मला वर्ष लागले होते. आपण नाही का नारळ फोडला न म्हणता वाढवला म्हणत. मी विनवणी केल्यावर त्याने एक फळी पुन्हा काढली.

"कितने सॉकेट?"

"तीन."

"जीप है कि बारात का जनरेटर?"

काम सोपे आहे, पण काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच आणि वायर जाड घ्यावी. पत्र्यातून वायर आत येते तिथे रबरी कडे बसवावे, नाहीतर पत्र्याची धार हळूहळू वायर कापते. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून लोखंड उघडे करावे. पुढची दोन सॉकेट मी चावीवर घेतली, म्हणजे इंजिन बंद झाले की तीही बंद. चार्जर विसरून राहिला तरी बॅटरी उतरत नाही. मागचे सॉकेट मात्र थेट बॅटरीवर घेतले. चावी काढली तरी ते जिवंत. एवढासा दिवा बॅटरीला जाणवतही नाही. दिवा म्हणजे पितळी निरांजनात बसवलेला पिवळसर बल्ब, त्याला उजेड कमीजास्त करायचे फिरते बटण, आणि भरपूर लांब वायर. बटण मागे नेत गेले की शेवटी 'टक' होऊन बंद होते.

पाचव्या माळेला सकाळी निघालो. माईंनी एक हात घरच्या ज्योतीवर धरला, तोच हात निरांजनाला लावला आणि मग बटण फिरवले. मी गाडीसमोर नारळ वाढवला. सुनंदा दारात उभी राहून म्हणाली, "इकडची काळजी नको. तिकडची करा."

कानपूरच्या हायवेने चिरगाव, मोंठ आणि मग उजवीकडे एरचचा फाटा. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा रस्ता. हायवे उत्तम आहे, पुढचा रस्ता जागोजागी उखडलेला, त्यामुळे अडीच तास धरावेत. पाऊस नुकताच सरला होता. दोन्ही बाजूंना काँस फुलला होता, पांढऱ्या तुऱ्यांचे कंबरेएवढे गवत, आणि वाऱ्याबरोबर सगळे रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होत होते. आरशात बघितले की मागे माईंच्या मांडीवर तो दिवा. भर उन्हात त्याचा उजेड कुठे पडत नव्हता, पण तो आहे हे दिसत होते. मला वाटले, देवाचेही असेच असावे. उजेड असतो तेव्हा तो वेगळा ओळखू येत नाही. मग खड्डा आला आणि मी विचार सोडून गिअर बदलला.

मोंठच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. नवरात्रात इथे उपासाची थाळी मिळते, साबुदाणा, दही आणि कुट्टूच्या पुऱ्या, दोघांना पोटभर होते. तळ्यातले ताजे शिंगाडेही रस्त्याकडेला विकायला असतात, ते जरूर घ्यावेत. चावी काढली तेव्हा माईंचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. दिवा तसाच होता. "थेट बॅटरीवर आहे," मी म्हणालो. त्या हसल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा काही खाल्ले.

ढाबेवाला गाडीत डोकावला. "अम्माजी, दिन में बत्ती?"

"क्यों भैया, दिन में भगवान नहीं होते क्या?"

त्याने कान पकडले आणि दही आणखी आणून दिले.

एरच जुने गाव आहे. ही हिरण्यकश्यपूची नगरी, इथेच प्रल्हाद आगीतून सुखरूप बाहेर आला, असे लोक सांगतात. वळणावर बेतवा दिसली. पुराचे गढूळ पाणी निवळले होते आणि ती एवढी संथ होती की कोणत्या दिशेला वाहते हे समजायला थोडे बघत बसावे लागले. आक्कांचे घर उतारावर आहे, पावसाने गल्लीत खोल चर पडलेला. साध्या गाडीने तिथवर जाऊ नये. मी इंजिनाचा जोर चारही चाकांना जोडला आणि जीप उलटी घेत त्यांच्या खिडकीला नेऊन लावली.

आक्कांचा मुलगा बाहेरगावी नोकरीला असतो. घरात त्यांची सून, सरोज. ती इथलीच, तिच्या बोलण्यात बुंदेली. तिने सांगितले, आत सोलरची बॅटरी आहे, दिवा तिच्यावर लावा. पण पिन बदलायची म्हणजे क्षणभर का होईना, खंड. माईंनी मान हलवली. म्हणून दिवा खिडकीतून आत गेला आणि वायरचे दुसरे टोक जीपमध्येच राहिले. तेवढ्यासाठी तर ती लांब घेतली होती.

दिवा आक्कांच्या उशाशी ठेवला. त्यांनी हात जोडले. डोळ्यांना आता फार कमी दिसते. माई पलंगाच्या कडेला बसल्या. बाहेर कुठेतरी पोपट ओरडत होते. मी दाराशी उभा होतो आणि मला उगीचच माझ्या आईची आठवण आली.

"माई, लागलाय ना गं?" आक्कांनी विचारले. "मला पुसट दिसतोय."

सरोज दिव्याच्या जवळ होती. मी तिला आदराने म्हणालो, "बहूजी, ज़रा दिया बढ़ा दीजिए."

तिने माझ्याकडे बघितले. डोक्यावरचा पदर नीट केला. दिव्याला नमस्कार केला, आणि बटण मागे फिरवले. टक.

खोलीत उजेड तेवढाच होता, दुपारच होती ती. तरी सगळे गेल्यासारखे वाटले. मी ओरडलोच, "अरे, ये क्या किया?"

"आपई ने तो कई, बढ़ा दो!" सरोज आक्कांकडे बघत रडकुंडीला आली. "अम्माजी ने हमें यही सिखाया है. दिये को बुझाओ नहीं कहते, बढ़ाओ कहते हैं."

खरे होते. दुकानाचे मी शिकलो होतो, दिव्याचे शिकायचे राहिले होते. आमच्या गावी दिवा शांत करा म्हणतात. आणि माईंबरोबर एकाच घरात एवढी वर्षे राहून मला हा शब्द कळला नव्हता, कारण तिथे दिवा मुद्दाम कोणी बंद केलेला मी पाहिलाच नव्हता.

माईंनी फोन लावला. "सुनंदा, तिकडचा?"

"छान तेवतोय. का गं?"

त्यांनी फोन ठेवला. मी खाली बघत उभा. तेवढ्यात पलंगावरून खुसखुस ऐकू आली. आक्का हसत होत्या. कंबर दुखत होती म्हणून धरून धरून हसत होत्या.

"अगं माई, आईनं हा शब्द आपल्याला कशाला शिकवला? दिवा जात नाही कधी, वाढतो. बरोबर ना? मग आता वाढू दे की. घरचा आहेच. हा इथे राहू दे माझ्याकडे."

"पण माझ्या हातून खंड..."

"तुझ्या हातून कुठे? जावयानं सांगितलं, सुनेनं ऐकलं. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं." मग सरोजकडे वळून, "रो मत. ला, अब बैटरी पे लगा."

आता पिन बदलायला कोणाचीच हरकत नव्हती. मी वायर जीपमधून सोडवून सोलरच्या बॅटरीला जोडली. माईंनी बटणाला हात लावला, पण फिरवले नाही. मग सरोजचा हात धरून बटणावर ठेवला. "तू लगा, बेटी. अब ये दिया तेरा भी है." दिवा लागला तेव्हा आक्का म्हणाल्या, "आता स्वच्छ दिसतोय." आधीपेक्षा जास्त नव्हता तो. मी बघितले होते.

परतताना ऊन कलले होते आणि काँस पिवळा दिसत होता. माई पुढे माझ्या शेजारी बसल्या, मागे आता सांभाळायला काही नव्हते. शिंगाडे सोलून मला देत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडले, तर म्हणाल्या, "रस्त्याकडे बघा, जावईबापू."

दारात सुनंदाने रिकामे हात बघितले. "गाडीतला दिवा?"

"वाढवला," माई म्हणाल्या. सुनंदाचा चेहरा पडला. त्यांनी ओंजळीत शिंगाडे दिले तिला. "अगं, खरोखरचा वाढवला. एकाचे दोन झाले."

घट उठले, दसरा झाला, घरचा दिवा आपल्या वेळी शांत झाला. तीन सॉकेटपैकी पुढच्या दोहोंवर मोबाइल चालतात आणि किटलीचा विषय मी आता काढत नाही. मागच्यात काही लावायला हात धजत नाही. त्यावरची टोपी धूळ बसू नये म्हणून पुसतो एवढेच.

आक्का भिंतीला धरून चालू लागल्या आहेत. परवा त्यांचा फोन आला, गावात लाइट नव्हती, पण उशाशी दिवा होता. बोलता बोलता मधेच सरोजला हाक मारत म्हणाल्या, "बहू, दिया ज़रा बढ़ा दे."

आणि सरोजचा आवाज आला, "अम्माजी, कौन सा वाला बढ़ाना?"