घशातला बुद्ध

आमच्या खोऱ्यात मुळ्याचं लोणचं घरोघरी घालतात, पण हासेगावांच्या घरचं म्हटलं की माणसं सहकारी दुकानाबाहेर बर्फात उभी राहतात. पाकिटावर छापलेलं नाव फुमी हासेगावा. घालणारी मात्र त्यांची सून पेर्लिताताई, आमच्या फिलिपिन्समधल्या इलोइलोची. फुमीबाईंचे गुडघे गेल्यापासून तो मुळा सोलणं, वाळवणं, कोंड्यात दाबणं, त्यावरचे दगड उचलणं, सगळं हिच्याच गळ्यात.

"आता तरी पाकिटावर तुझं नाव टाक की," मी एकदा म्हटलं.

"माझं नाव वाचून कोण घेईल? म्हणतील, लसणीचा वास येतो," ती म्हणाली आणि हसली. ती हसली की माझं डोकं फिरतं.

जपानच्या या डोंगरात शेती करणाऱ्या पोरांना कुणी मुलगी देईना, तेव्हा मध्यस्थ विमानानं मनिलाला गेले आणि आम्हाला घेऊन आले. पेर्लिता आधी आली, मी तिच्यामागून. माझा नवरा मी लवकरच सोडला, गाव काही सुटलं नाही. खोऱ्याच्या तोंडाशी जेवणाचे डबे भरण्याचा कारखाना आहे, तिथं मी भातावर आंबट आलुबुखार ठेवते. पेर्लिता मात्र त्या घरात रुतली. तिचा नवरा मासारु भला माणूस होता, पण तोंडाला कायमचं कुलूप. घरात बोलायची ती एकटी फुमीबाई, आणि ती बोलायची ते सुनेलाच.

पेर्लिता आली त्या आठवड्यात घरात नात्यातल्या लोकांचं जेवण होतं. काड्यांनी जेवायला ती नुकती शिकली होती आणि त्याचा तिला भारी अभिमान. फुमीबाईंनी आपल्या काड्यांनी अंड्याच्या गोड वडीचा तुकडा उचलला, मासारुच्या ताटलीत ठेवायला. मध्येच पेर्लितानं आपल्या काड्या पुढे केल्या आणि तो तुकडा अलगद वरच्यावर झेलला. आमच्याकडे एकमेकांना घास देणं म्हणजे माया. तिला वाटलं, सगळे टाळ्या वाजवतील. सगळ्यांचे हात जागीच थांबले. फुमीबाईंनी तिच्या मनगटावर अशी चापट मारली की तुकडा चटईवर पडला.

"मेलेल्याची हाडं घेतात अशी," त्या म्हणाल्या. "जेवताना नाही."

ती चूक पेर्लितानं पुन्हा कधी केली नाही. उलट इतकी शिकली की पोटच्या मुलींना येत नाही ते हिला यायला लागलं. नव्या वर्षाचे ते काळ्या डब्यांचे थर, त्यात गोड काळे घेवडे, माशाची अंडी, गुंडाळलेलं समुद्री शेवाळ. उन्हाळ्यात पितर घरी येतात तेव्हा त्यांना बसून यायला काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय. रोज सकाळी देव्हाऱ्यात पितरांना पहिल्या वाफेचा भात. आमचा बाळयेशू मात्र फ्रिजवर, मिठाच्या डब्यामागे. फुमीबाईंनी दाखवलेली जागा ती.

लसूण घरात आणायची नाही, हा कायदा होता. ख्रिसमसला पेर्लिता माझ्या खोलीवर यायची. इथं त्या दिवशी कुणाला सुट्टी नसते. लोक तळलेली कोंबडी आणि स्ट्रॉबेरीचा केक विकत घेतात, खातात आणि झोपतात. आम्ही दोघी माझ्या एका शेगडीवर शेवया करायचो, लांबच्या लांब, न तोडता, आणि आमच्याकडची ती केचपमधली गोड स्पॅगेटी, सॉसेजचे लाल तुकडे घालून. एका वर्षी ती उरलेला डबा घरी घेऊन गेली आणि फ्रिजमध्ये विसरली. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा. मासारु नाही म्हणाला. दाइची, तिचा मुलगा, तेव्हा लहान होता, त्यानंही मान हलवली. फुमीबाई देव्हाऱ्यापुढे हात जोडून बसलेल्या आणि हनुवटीला लाल ठिपका.

पुढल्या वर्षी डिसेंबर लागला तसं म्हातारीनं विचारलं, "तुझ्या त्या पोर-देवाचा वाढदिवस कधी गं? त्या लाल शेवया होणार ना?"

तेव्हापासून दोघींचं जमलं. जमलं म्हणजे भांडणं थांबली असं नाही, भांडायला दोघींना मजा यायला लागली.

मासारु गेला, त्याच्या अंत्यविधीला मी स्मशानगृहात होते. जळून झालं की इथं घरची माणसं जोडीजोडीनं पुढे होतात. दोघांनी मिळून एकच हाड काड्यांनी धरायचं आणि कलशात ठेवायचं, आधी पायाचं, मग वर वर. सगळ्यात शेवटी घशाचं. ते लहानसं हाड म्हणे मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखं दिसतं, म्हणून त्याला घशातला बुद्धच म्हणतात. ते उचलायचं सगळ्यात जवळच्या माणसानं. पेर्लिता भिंतीला चिकटून उभी होती. फुमीबाईंनी तिला दंडाला धरून पुढे ओढलं.

"हात थरथरतोय? थरथरू दे. धर माझ्याबरोबर."

सासू-सुनेनं मिळून मासारुचा बुद्ध उचलला. बाहेर आल्यावर, माझ्यादेखत, म्हातारी म्हणाली, "माझं तू उचल. त्या सेंदाईच्या बाईला हात लावू देऊ नकोस. ती चार बोटांनी धरेल नि पाडेल."

सेंदाईची बाई म्हणजे सेंदाई शहरात राहणाऱ्या धाकट्या मुलाची, नोबुयुकीची बायको साचिको. वर्षातून दोनदा केकचा खोका घेऊन येणारी.

मग फुमीबाईंच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. पेर्लितानं त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. अंघोळ, लंगोट, कुशी बदलणं, पाठीवर जखम होऊ नये म्हणून रात्री उठणं. नुसती भाताची पेज म्हातारी थुंकून टाकायची. एकदा वैतागून पेर्लितानं आपल्याकडची पेज केली, आलं, कोंबडीचं पाणी आणि वर तळलेली लसूण. जिनं आयुष्यभर लसणीला उंबरा ओलांडू दिला नाही, तिनं वाकड्या तोंडानं वाटी चाटूनपुसून संपवली आणि डाव्या हातानं वाटीवर टकटक केली. आणखी. शेवटपर्यंत तीच पेज चालली. नोबुयुकी भेटायला आला की दारातच नाक मुरडायचा, "घरात कसला वास येतोय?"

"तुमच्या आईच्या जेवणाचा," मीच एकदा सांगितलं. पेर्लितानं मला चिमटा काढला.

शब्द जवळजवळ गेले होते, तरी मधूनच म्हातारी सुनेचा हात आपल्या गळ्यावर नेऊन ठेवायची. पेर्लिता म्हणायची, "हो आई. लक्षात आहे." तिला दुसरं काही नको होतं. घर नोबुयुकीच्या नावावर होणार हे तिला ठाऊक होतं, त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. एवढं एक हाड आपल्या हातानं कलशात ठेवायचं, म्हणजे आपण या घरातले होतो, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

फुमीबाई वारल्या त्या डिसेंबरात. अंत्यविधी आला नेमका ख्रिसमसच्या आदल्या दिवशी. कारखान्यात कोंबडीच्या डब्यांचा ढीग, मुकादमानं रजा देताना कपाळाला आठ्या घातल्या. मी काळे कपडे घालून गेले. घरातला थोरला गेलेला, म्हणून सगळी सूत्रं नोबुयुकीकडे. ओसाकाहून दाइची आला होता, इस्त्रीच्या काळ्या सुटात. केवढा देखणा दिसत होता. लहानपणी शाळेच्या समारंभाला आईनं येऊ नये म्हणून तारीखच सांगायचा नाही, तोच हा.

सकाळी पेर्लितानं त्याला कोपऱ्यात घेतलं. "काकांना सांग ना, आजीनं काय म्हटलं होतं ते. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही."

"आई, आज नको," तो म्हणाला. "आजच्या दिवशी तरी नको."

स्मशानगृहातल्या प्रतीक्षागृहात आम्ही चहा घेत बसलो होतो. निरोप आला, झालंय, चला. सगळे उठले. पेर्लिताही उठली, हातरुमालानं बोटं पुसून. नोबुयुकी तिच्यासमोर आला आणि कमरेत वाकला.

"पेर्लिता-सान, इतकी वर्षं तुम्ही फार केलंत. थकला असाल. तुमचा धर्मही वेगळा. तुमच्यावर आमच्या रीतींचा भार नको. तुम्ही इथंच विसावा घ्या."

"मला चालतं," ती म्हणाली.

"नाही नाही. तुम्हाला त्रास कसा देणार?"

"त्रास नाही हो. आईंनीच—"

"खरंच, संकोच करू नका," असं म्हणून तो आणखी खाली वाकला. इथं माणूस इतका खाली वाकला की समजायचं, दार बंद झालं. मागे जोड्या लागत होत्या. दाइची कुणा चुलतभावाबरोबर उभा राहिला. तो आईकडे बघत नव्हता, बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. मला वाटलं, पुढे व्हावं आणि त्याच्या एक कानशिलात ठेवून द्यावी. पेर्लितानं माझी बाही धरून मला खाली बसवलं. ती सगळ्यांचे उष्टे पेले गोळा करायला लागली. सवयच ती.

नंतर गावातल्या उपाहारगृहात जेवण होतं. आम्हा दोघींची पानं दाराशी, चहाच्या किटलीजवळ. साचिको पलीकडे मध्यावर बसली होती, डोळे टिपत.

"सासूबाईंचा घशातला बुद्ध किती सुबक निघाला," ती शेजारणीला सांगत होती. "अगदी अखंड. आम्ही दोघांनी उचलला. माझा तर हातच थरथरत होता." मग तिचं लक्ष आमच्याकडे गेलं. "पेर्लिता-साननी पण आम्हाला खूप मदत केली हं. खूपच मदत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मदत.

पेर्लितानं मान लववली आणि हसली. मग तिनं काड्या उचलल्या. डब्यातली अंड्याची गोड वडी घेतली आणि ताटलीत न ठेवता, पानावरून, माझ्यासमोर हवेत धरली.

"घे, दिविना," ती आपल्या भाषेत म्हणाली. "नीट धर. पाडू नकोस."

मला कळलं. मी माझ्या काड्या पुढे केल्या. क्षणभर तो तुकडा आमच्या चार काड्यांमध्ये होता. तिचा हात जराही थरथरला नाही. मग तिनं सोडला आणि मी तो माझ्या वाटीत ठेवला, अलगद, सरळ बसवून.

सगळ्यांच्या काड्या थांबल्या. साचिकोनं तोंडावर हात नेला. कुठल्याशा म्हाताऱ्यानं "अरे अरे" केलं. नोबुयुकीचं तोंड लालबुंद झालं होतं.

दाइची उठला. मला वाटलं, आला शेवटी आईच्या बाजूला. तो दोन्ही हात मांड्यांना लावून सगळ्यांपुढे वाकला, काकाहूनही खाली.

"माफ करा," तो म्हणाला. "आई परदेशी आहे. तिला अजून इथल्या रीती कळत नाहीत."

लोक सैल झाले. हो हो, असू दे, म्हणाले. काड्या पुन्हा वाजायला लागल्या.

पेर्लितानं किटली उचलली, उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याचा पेला भरला.

"कळतात रे," ती खोऱ्यातल्या जपानीत म्हणाली, अगदी फुमीबाईंसारखी. "सगळ्या कळतात. पी, गार होईल."