एका आडनावाचं सुतक

मोर्शीच्या जानराव गावंड्यांना पुढं लोक ‘सुतकी पाटील’ म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांनी आपल्या हौसेनंच ओढवून घेतलं होतं.

तिकडं अमेरिकेत गोरे आपसात लढत होते आणि इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. काल चिखलात गाडी हाकणारा आज बैलांची शिंगं चांदीनं मढवत होता. जानरावांनीही मढवली. एकदा अमरावतीच्या कापूस बाजारात दलालानं सहज विचारलं, “गावंडे म्हणजे कोणते गावंडे?” झालं! जानरावांना आजाच्या पलीकडं नाव सांगता येईना. माणूस घरी आला तो जेवलाच नाही. त्यांची बायको मनकर्णाबाई वैतागून म्हणाली, “आजा मेला त्याले जमाना झाला. तुमी आज उपाशी काहून?”

दुसऱ्याच आठवड्यात स्वारी अचलपूरला जैनुद्दीन मुन्शींच्या दारात हजर. मुन्शी म्हणजे जुन्या दप्तरांतला किडा. फारसी वाचणार, मोडी वाचणार, आणि वाचून झालं की पान खाऊन गप्प बसणार. जानरावांनी फर्मावलं, “जिथं गावंडे दिसन, तिथून उतरून घ्या.” मुन्शींनी घेतले उतरून. गाविलगडाच्या दरवाजावरचा शिपाई गावंडे. बैलांच्या रोगांवर पोथी लिहिणारा गावंडे. ग्रहणावर संस्कृतात टीका लिहिणारे कुणी गावंडेशास्त्री. आणि म्हैस चोरली म्हणून दंड भरलेला एक गावंडे.

“पाटील, ये तो चोर है,” मुन्शी संकोचून म्हणाले. “ठेवू का काढू?”

“ठेवा! कागदावर आला ना? तुमाआमाले कोन घेते कागदावर?”

“और ये शास्त्रीजी? इनकी तो जात भी अलग है.”

“आडनाव तं एकच हाय ना बाप्पा!”

मुन्शींनी सगळ्यांना एका लांब कागदावर एकाखाली एक बसवून दिलं. चोराचा नातू शास्त्री, शास्त्र्याचा नातू शिपाई, आणि सगळ्यांत खाली जानराव. त्यांनी तो कागद रेशमी रुमालात बांधला आणि कपाळाला लावला.

इथवर ठीक होतं. मेलेले गावंडे कुणाचं काही खात नाहीत. पण जानरावांनी जिवंत गावंडेही गोळा केले! अचलपूरचे, बार्शीटाकळीचे, कुठकुठचे. गाड्या पाठवून त्यांना मोर्शीला आणलं, तुपात बुडवून जेवू घातलं आणि पंचांसमोर उभं राहून जाहीर केलं, “आजपासून आपुन एका रक्ताचे. सुख एक, सुतक एक!” तोंडात घास होता, त्यामुळं सगळ्यांनी माना डोलावल्या.

आत मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. घरात लग्न होतं हो! एकुलती एक शकुन अकोटच्या महादेवरावांच्या मुलाला दिली होती, फाल्गुनातली तिथी धरली होती, आणि सुतकाच्या घरी मांडव घालता येत नाही.

फाल्गुनात बार्शीटाकळीचा एक म्हातारा गावंडे गेला. लग्न पुढं ढकललं. दहाव्या दिवशी रिवाजाप्रमाणं जानरावांची मिशी उतरली. रोज तूप लावून पिळलेली मिशी ती! चैत्रात जरा कुठं ती उगवते आहे, तोच अचलपूरची कुणी म्हातारी गावंडीण गेली. जानरावांनी तिला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तरी सुतक धरलं, आणि पुन्हा न्हावी बोलावला. मग अकोटहून निरोप आला, “जेठातल्या तिथीले लगन झालं तं झालं. नाई तं आमी दुसरी पोरगी पाहातो. तुमची भावकी खपेपर्यंत आमचा पोरगा बुढा होईन.”

शकुन रडली नाही, ओरडली नाही. तिनं रेशमी रुमाल बापासमोर ठेवला आणि विचारलं, “बाबा, याच्यात माहं नाव कुठी हाय?”

नव्हतंच. पोरींची नावं असल्या कागदावर कोण लिहितो? जानरावांना ते फार लागलं. त्या दिवशी त्यांनी रुमालाची गाठ सोडलीच नाही.

ज्येष्ठातली तिथी आली. वाजंत्री लागली, नवरदेव मारुतीच्या पारावर येऊन टेकला, आणि नेमके तेव्हाच मांडवाच्या तोंडाशी बार्शीटाकळीचे खुशालराव गावंडे गाडीतून उतरले. एकटेच. तोंड पाडून. जानरावांनी दुरूनच ओळखलं. मेलं, कुणीतरी मेलं! पण सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर. ऐकलंच नाही तर लागत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

“जानराव, जरा आयकता का...”

जानराव पळाले! गावंडे हुडकायला ज्यानं दप्तरं उपसली, तो माणूस एका गावंड्याला पाहून धोतर सावरत बोहल्यामागं दडला. मनकर्णाबाई मात्र पुढं झाल्या. “भाऊजी, उपाशी मानसानं माह्या मांडवात बोलू नाई. आधी जेवा.” खुशालरावांनी तोंड उघडलं की त्यात पुरणाची पोळी, पुन्हा उघडलं की वर तूप. कन्यादानाला जानराव बाहेर आले ते दोन्ही कानांत कापूस कोंबून. सोन्याच्या भावाचा कापूस, पण त्या दिवशी त्यांनी हात आखडला नाही.

अक्षता पडल्या. जानरावांनी बोळे काढले आणि घाबरत घाबरत विचारलं, “आता सांगा. कोन गेलं?”

खुशालरावांनी ढेकर दिली. “कोनीच नाई. आमच्या घरी लगन हाय. अन् तुमची पार्बताकाकू लय खंगली म्हनतात. म्हनून भावकीनं मले पाठवलं. आजपासून तुमचं आमचं सुतक तुटलं.”

“कोन खंगलं रे?” पंगतीतून पार्बताकाकू कडाडली. तिच्या पानात नुकतीच आणखी एक पोळी पडली होती. सगळा मांडव हसला, जानरावही हसले.

मग शकुन गाडीत बसली आणि त्यांचं हसू गेलं. “अवं शकुनची माय,” ते हळूच म्हणाले, “त्या अचलपूरच्या बुढीसाठी मी दहा दिवस पाळले. अन् मी मेलो तं माह्या पोरीले सुतक तीनच दिवस.”

“सुतकाचं काय घेऊन बसले? रडन ना पोरगी तुमच्यासाठी!” मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “का तो म्हैसचोर येनार हाय रडाले?”

जैनुद्दीन मुन्शी लग्नाला आलेच होते. जानरावांनी त्यांना गाडीपाशी ओढत आणलं आणि रुमाल सोडून कागद पुढं केला. “लिहा. माह्या नावाखाली. शकुन.”

“पर पाटील,” मुन्शी चाचरले, “वो तो अब गावंडे नहीं रही.”

“म्हैसचोर चालते, अन् माही पोरगी चालत नाई?” जानराव गरजले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “लिहा म्हनतो ना!”

मुन्शींनी गाडीच्या चाकाला पाठ टेकून लिहिलं, आणि ते वाळेपर्यंत शकुननं गाडी हलू दिली नाही.