पाठ केलेला क्रम

हुबळीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सिग्नल प्रोसेसिंग शिकवते. विषयाचं नाव काढलं की लोक हवापाण्याबद्दल बोलू लागतात, म्हणून थोडक्यात सांगते. फायबरमधून, म्हणजे केसासारख्या काचेच्या तारेतून, प्रकाशाचे ठोके पाठवायचे. ठोका असला तर एक, नसला तर शून्य. वाटेत हे ठोके पसरतात, शेजारच्यात मिसळतात आणि पलीकडे पोचेपर्यंत ओल्या कागदावरच्या शाईसारखे होतात. मोबाईलचा टॉवर हवेतून बोलतो तेव्हा भिंतींवर आपटून आपटून साधारण तसाच गोंधळ होतो. दोन्हीकडे त्या डागांवरून मूळ अक्षर ओळखायचं, हे आमचं काम.

माझ्या हाताखाली एक बाई पीएच.डी. करत होती. आमच्याच विभागात शिकवायची. अळणावरकडच्या एका खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. नवरा अमरगोळच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे कामाला. तिच्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि तीही संपत आली होती. मुदतीत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. पीएच.डी. नसलेल्यांना पुढच्या वर्षापासून ठेवणार नाही, असं कॉलेजनं स्पष्ट सांगितलेलं. त्यामुळे प्रबंध म्हणजे तिची नोकरी, एवढा साधा मामला होता.

तिची पद्धत नव्या काळाला धरून होती. डाग पुसायचं गणित आपण मांडायचं नाही, ते प्रोग्रॅमलाच शिकू द्यायचं. त्यासाठी आधी आपल्याला माहीत असलेला आकड्यांचा क्रम फायबरमधून सोडायचा. पलीकडे काय आलं ते प्रोग्रॅमला दाखवायचं, आणि खरं काय होतं तेही सांगायचं. असं पुष्कळदा केलं की तो स्वतःच ओळखू लागतो. तिचा प्रोग्रॅम इतकं छान ओळखू लागला की चुका जवळजवळ संपल्या. त्या दिवशी तिनं स्टाफरूममध्ये चुरमुऱ्यांचं गिरमिट वाटलं. पेढे प्रबंध गेल्यावर, म्हणाली.

गिरमिट मी खाल्लं, पण तिच्या निकालांचा आलेख काही घशाखाली उतरेना. फायबर जेवढं बिघडवतं त्यातलं किती दुरुस्त होऊ शकतं, याला मर्यादा असते. तिचा आलेख ती मर्यादा आरामात ओलांडून गेला होता. वर्गातल्या काठावर पास होणाऱ्या मुलाला अचानक पैकीच्या पैकी मार्क पडले की मी उत्तरपत्रिका पुन्हा उघडते. तसंच केलं.

आम्ही सोडतो तो क्रम लॅबमधल्या यंत्राच्या एका बटनावर मिळतो. दिसायला नाणं उडवल्यासारखा, कशाचा कशाला मेळ नसलेला. पण तो तसा नसतो. मागच्या ठरलेल्या दोन जागांच्या आकड्यांवरून पुढचा आकडा तयार होतो. बहुतेक लॅबमध्ये वर्षानुवर्षं असाच क्रम वापरतात, कारण बटन दाबलं की मिळतो. जुन्या पद्धतींचं त्यानं काही बिघडत नव्हतं. क्रमामागचा नियम हुडकण्याइतकी अक्कल त्यांना नव्हती.

"एक कर," मी तिला म्हटलं. "ज्या ठोक्याबद्दल विचारायचं तोच झाकून टाक. आजूबाजूचे तेवढे दाखव."

"मग त्याला कसं कळणार, मॅडम?"

"नीट कळायलाच नको."

तिनं मधला ठोका पुसून तिथे शून्य घातलं आणि प्रोग्रॅम चालवला. शेजारच्या ठोक्यांत त्याचा थोडा माग उरतो, तरी झाकलेली गोष्ट ओळखायची म्हणजे बऱ्याचदा चुकायला हवं. तो चुकला नाही.

"बघा की, किती हुशार आहे," ती हसून म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं पुन्हा चालवलं, परत एकदा चालवलं. मी थांबवलं नाही.

"पेपर फुटलाय," मी म्हटलं. "फायबरबद्दल तो काहीच शिकलेला नाही. क्रम पाठ केलाय त्यानं."

तिनं प्रोग्रॅम बंद केला. मग विचारलं, "बाहेरचे परीक्षक मधला ठोका झाकून बघतात का?"

"नाही बघत."

"मग?"

"मी बघितला ना."

"तुमचं काय मॅडम, तुमची नोकरी पक्की आहे. तुम्हाला कोण काढतंय?"

"कोणी नाही. तरी यावर सही होणार नाही."

ती मराठी घरातली असली तरी रागावली की कन्नडमध्ये शिरायची. "होगली बिडी," म्हणाली. जाऊ द्या. आणि उठून तासाला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरोखरच कशाचा कशाला मेळ नसलेले आकडे घेतले आणि सगळी मोजमापं पहिल्यापासून केली. प्रकाश पाठवणारं यंत्र दुसऱ्या संस्थेकडून उसनं आणलेलं होतं, ते परत जायच्या आत उरकायचं होतं. नवे आकडे लावल्यावर फायदा जवळपास नाहीसा झाला. जो उरला तो जुन्या, स्वस्त पद्धतीनंही मिळत होता. यंत्र परत गेलं. नवीन विचार करायला ना वेळ होता, ना साधन.

मुदतवाढीचा अर्ज घेऊन मी तिच्याबरोबर विद्यापीठात गेले. प्रयोग फसला नाही, प्रयोगातली चूक सापडली, आणि हेही कामच आहे, असं मी समजावून सांगितलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहाही मागवला. "रूल इल्लरी," म्हणाले. नियम नाही. पुढे काही विचारण्यासारखं नव्हतं. चहा मात्र संपवून उठलो.

कॉलेजात विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरी डाळसुद्धा इतकी निवडता का?"

"हो. म्हणून दात शाबूत आहेत."

ते हसले. मीही हसले. त्या वर्षाअखेरीस तिला मुक्त केलं. तिचे तास दोन नव्या मुलांना दिले. निरोप समारंभ झाला नाही, कारण तो राजीनामा देणाऱ्यांचा करतात.

यानंतर काही महिन्यांनी एका दुसऱ्या गावच्या विद्यापीठानं माझ्याकडे एक प्रबंध तपासायला पाठवला. तोच विषय, तसलाच प्रोग्रॅम, तसाच आलेख. बटनावर मिळणारा क्रम वापरलाय हे त्यांनी स्वच्छ लिहिलंच होतं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. मधला ठोका झाकून निकाल कळवा, असं मी लिहिलं. मार्गदर्शकांचा फोन आला.

"सगळे असंच करतात हो मॅडम."

"म्हणूनच विचारलं."

"त्याचं लग्न ठरलंय," ते म्हणाले. "मुलीकडच्यांना डॉक्टरेट सांगितलीये."

फोन ठेवला. मी शेरा बदलला नाही. त्यांनी परीक्षक बदलला. मुलाला पदवी मिळाली आणि त्याचा शोधनिबंध आता आमच्याच विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. त्यातल्या पद्धतीनं कुठल्याही टॉवरचा की फायबरचा एक ठोकाही सुधारणार नाही. कुणी बसवून बघेल तेव्हा कळेल, आणि बसवून कुणी बघणार नाही.

ती आता धारवाडला सप्तापूरमध्ये, पोलीस भरतीच्या मुलांच्या क्लासमध्ये गणित शिकवते. मी राहते धारवाडलाच आणि भाजी तिथूनच घेते, त्यामुळे भेट होते. मागच्या आठवड्यात दुकानात दोघी मेथी निवडत होतो.

"त्या मुलाला मिळाली ना पदवी?" तिनं विचारलं. अशा बातम्या कुठून कुठून पोचतात.

"मिळाली."

"तसाच क्रम?"

"तसाच."

तिनं एक जुडी उचलली, पिवळी पानं बघून परत ठेवली. "मग मॅडम, माझा प्रबंध अडवून कुणाचं काय भलं झालं?"

मी खरं तेच सांगितलं. "कुणाचं नाही."

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. तिच्या क्लासची वेळ झाली होती. दुकानदार अण्णांना तिनं मेथी बाजूला ठेवायला सांगितली आणि गेली.

तो प्रबंध आज पुन्हा समोर आला तर मी पुन्हा सही करणार नाही. त्यानं तिची नोकरी पुन्हा जाईल आणि दुसऱ्या कुणाला तरी पदवी मिळेल. यात बदलण्यासारखं काही मला दिसत नाही.