पस्तीस मार्कांचे अवशेष

बसा. चहा घ्या, पण हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाने माझ्या सोफ्यावर चहा सांडला, तो डाग अजून आहे. माझी फजिती आणि वर सोफाही माझाच!

तर गोष्ट माझ्या सासऱ्यांची. म्हणजे गोष्ट त्यांची, गाढवपणा माझा.

माझे सासरे वसईला मला शाळेत इतिहास शिकवायला होते. नववीत त्यांनी मला पस्तीस मार्क दिले. पुढे मी त्यांच्याच मुलीशी, ज्योतीशी, लग्न केलं. तेव्हा मांडवात कोणीतरी त्यांना विचारलं, "सर, जावई कसा आहे?" सर म्हणाले, "काठावर."

अठरा वर्षं झाली त्याला. अजून मी त्यांना पप्पा म्हणायला जातो आणि तोंडातून 'सर' निघतं. मी इथे दोह्यात इस्पितळात खातेप्रमुख झालो, अल हिलालला चांगला फ्लॅट आहे, गाडी आहे. पण सरांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा 'शाब्बास पास्कल' ऐकायचं राहिलंय. हसू नका. नववीत नापास होता होता वाचलेल्या माणसालाच हे कळेल.

तर सर महिनाभरासाठी आमच्याकडे आले. मी रजा टाकून त्यांना मॉल दाखवले, उंच इमारती दाखवल्या. सर म्हणाले, "हे सगळं परवाचं आहे." संग्रहालयात नेलं. तिथून बाहेर पडताना म्हणाले, "काचेतला इतिहास म्हणजे फ्रीजमधला मासा."

त्यांचं एक व्रत आहे, ते आधी सांगतो. रिटायर झाल्यापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की सर वसईच्या किल्ल्यात जातात. तिथल्या पडक्या मठात श्रमदान करतात. झुडपं उपटायची, विखुरलेले दगड नीट रचायचे, भिंतींवर कोणी नावंबिवं लिहिली असतील ती घासून काढायची. दोह्याला येतानासुद्धा बॅगेत हातमोजे आणि ब्रश घेऊन आले होते. ज्योती म्हणाली, "पप्पा, इथे काय घासणार?" सर म्हणाले, "असू दे."

आता उत्तरेला, अल रुवैसच्या बाजूला, समुद्रकाठी कोळ्यांची जुनी ओस पडलेली गावं आहेत. पडकी घरं, दगडी भिंती, एक जुना मनोरा. मला हे आठवलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, पास्कल, हाच तुझा शाब्बास.

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारी असतो. शुक्रवारी मिस्सा झाली आणि आम्ही निघालो. मी, ज्योती, सर आणि आमची बारा वर्षांची रिया. डब्यात वडे आणि सुकं मटण. रस्ताभर मी बोलत होतो. आदल्या दिवशी इंटरनेटवर पाऊण तास वाचलं होतं, ते सगळं ओतलं.

तासाभराने उजव्या हाताला माळावर दगडी भिंती दिसल्या.

"आलं," मी म्हणालो.

"पप्पा, फोन सेज सिक्स किलोमीटर्स मोअर," रिया म्हणाली.

"फोनला काय कळतंय? मी वसईचा आहे. पडकं मला लांबून ओळखू येतं."

हे वाक्य मी बोललो. याला तीन साक्षीदार आहेत.

कुंपण होतं, पण एक बाजू उघडी. शेजारी अरबीत एक पाटी. सरांनी विचारलं, "काय लिहिलंय रे?" मला सतरा वर्षांत यल्ला, खलास आणि शुक्रन याच्या पुढचं अरबी आलेलं नाही. पण त्या दिवशी कबूल कोण करणार? म्हणालो, "संरक्षित वास्तू."

आत एक चौकोनी घर होतं, छप्पर नसलेलं, मातीने लिंपलेलं. मी सुरू झालो. भिंतीत एक चौकोनी भोक होतं. म्हटलं, "सर, इथून तोफ डागायचे." सरांनी डायरी काढली. मागे जमिनीत एक खोल खड्डा होता, आतून बांधून काढलेला. म्हटलं, "धान्याचं कोठार." सर त्या खड्ड्यात उतरले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी उतरले आणि वितीने मोजमाप घेऊ लागले. खालून आवाज आला, "पास्कल, बांधकाम उत्तम आहे."

माझ्या अंगावर काटा आला. 'उत्तम' शब्द आणि माझं नाव एका वाक्यात!

"पप्पा, धिस वॉल इज वेट," रिया भिंतीला हात लावून म्हणाली.

"समुद्राची हवा आहे बाळा. दमट असते."

खड्ड्यातून सर म्हणाले, "वसईला पण असंच होतं." त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, हे आता मी त्यांच्या बाजूने सांगतो. माझे दोन्ही डोळे शाबूत होते.

मग सरांना दगड दिसले. घरासमोर अंगणभर पसरलेले, दोन-अडीचशे तरी असतील. आणि प्रत्येकावर निळ्या खडूच्या खुणा. कुठे एक रेघ, कुठे तीन, कुठे फुली.

सरांचा चेहरा उतरला. "इथेही हेच का रे? पुरातन दगडांवर रेघोट्या मारायच्या? यांना कोणी शिकवलंच नाही." आणि बॅगेतून हातमोजे निघाले.

ज्योती म्हणाली, "पप्पा, विचारून करा हो कोणाला तरी."

"चांगल्या कामाला कोणाला विचारायचं?" हे मी म्हणालो. सर नाही, मी.

दोन तास आम्ही राबलो. मी पाणी ओतायचो, सर ब्रशने घासायचे, ज्योती आणि रिया दगड वाहायच्या. एकेक दगड स्वच्छ करून आम्ही भिंतीला लागून मस्त चौथरा रचला. सर घामाने निथळत होते आणि आल्यापासून पहिल्यांदा गुणगुणत होते. चौथऱ्यावर डबे उघडले. वडा हातात घेऊन सर माझ्याकडे वळले. "पास्कल," ते म्हणाले, "आज मात्र तू..."

आणि तेवढ्यात गाडी आली.

पांढरी मोठी गाडी. तिच्यातून एक धिप्पाड कतारी म्हातारा उतरला आणि त्याच्या मागून एक राजस्थानी मिस्त्री. मिस्त्रीने आधी अंगण पाहिलं, मग चौथरा पाहिला, आणि मटकन खाली बसला.

"मेरे पत्थर," तो म्हणाला. "तीन महीने से छाँट रहा था, भाईसाब. एक-एक पे निशान था, कौन सा किधर लगेगा।"

म्हाताऱ्याचं नाव अबू नासर. आपल्या आजोबांचं घर जसं होतं तशी मजलिस तो स्वतःच्या शेतावर बांधून घेत होता. मजलिस म्हणजे त्यांची पाहुण्यांची बैठक. नवी कोरी. लिंपण कालचं होतं. तोफेचं भोक एसीसाठी होतं. आणि धान्याचं कोठार म्हणजे संडासाची टाकी. अजून वापरात नव्हती, ही देवाची कृपा.

मी चाचरत हिंदीत म्हणालो, "लेकिन वो बोर्ड... संरक्षित..."

अबू नासरने बोर्डाकडे पाहिलं. इथल्या जुन्या माणसांना हिंदी चांगलं येतं. "उसपे लिखा है, भेड़ का खाद मिलेगा।"

सर हळूच उठले. हातातला वडा डब्यात ठेवला. डायरी उघडली, दोन पानं टरकावली आणि घडी करून खिशात घातली. मला इतकं वाईट शाळेतसुद्धा वाटलं नव्हतं. मग त्यांनी मिस्त्रीपुढे हात जोडले आणि त्यांच्या वसईच्या हिंदीत म्हणाले, "माफ करो. मैं फिर से लगाके देता. जब तक होता नहीं, तब तक मैं इधर आता."

अबू नासरने चौथऱ्याकडे पाहिलं, सरांच्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागला. डोळे पुसत म्हणाला, "चालीस साल में मेरे पत्थर किसी ने धोए नहीं।" मग आम्हाला कहवा पाजला, खजूर दिले आणि आमच्या डब्यातले सहा वडे खाल्ले.

पुढचे बारा दिवस रोज पहाटे ती पांढरी गाडी अल हिलालला यायची आणि सरांना घेऊन जायची. किशनलाल मिस्त्री आणि सर दगड उचलून बघायचे, जुळवायचे, वाद घालायचे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला मारवाडी. रविवारच्या माणसाला रोजचा रविवार मिळाला. सर काळे पडले, दोन किलो उतरले आणि लहान मुलासारखे खूश दिसायला लागले. मला मात्र गाडीत घ्यायचे नाहीत. "तू ऑफिसला जा," म्हणायचे.

शेवटच्या दिवशी भिंत पुरी झाली. ती बघायला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. सरांनी भिंतीवरून हात फिरवला, मागे वळले, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "शाब्बास."

किशनलालला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. बॅग दिली, वाकून नमस्कार केला. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, आता. आता तरी.

"पास्कल," सर म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलं होतं. नववीला तुझे खरे मार्क बत्तीस होते. वरचे तीन मी दयेने दिले होते."

"थँक्यू, सर," मी म्हणालो.

"ते मी परत घेतोय."

आणि गेले आत. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तर घ्या, चहा निवतोय. आणि उद्या कोणी विचारलं, कोणाकडे गेला होतात, तर बेलाशक सांगा. इस्पितळात खातेप्रमुख आहे, एका मुलीचा बाप आहे, आणि नववी नापास आहे.