लुएला विकवेअरचा रिकामा चौकोन

आमच्या व्हरमाँटमधल्या गावात लुएला विकवेअरइतकी हट्टी बाई दुसरी झाली नाही, आणि हे मी कौतुकाने सांगतोय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गावाची बोलणी जोडून देण्यात तिचा जन्म गेला, पण कुणाच्या घरातलं अक्षर तिच्या तोंडून बाहेर पडलं असेल तर शपथ. तिचं वेड एकच, १८५१ सालचं तीन सेंटचं लाल टपाल तिकीट.

तिकीट तसं पुष्कळ सापडतं. दुर्मीळ असते ती त्याची जागा. त्या काळी छपाईच्या पोलादी पत्र्यावर प्रत्येक तिकिटाच्या चौकटीच्या रेघा कारागिराने हाताने पुन्हा कोरल्या. हाताचंच काम, तेव्हा कुठे रेघ लांबली, कुठे दुहेरी झाली. त्या खुणांवरून सुटं तिकीट पत्र्यावर कुठल्या जागेचं ते ओळखायचं आणि शंभर तिकिटांचा अख्खा कागद पुन्हा जुळवायचा, हा आमच्या तिकीट जमवणाऱ्यांच्या क्लबचा उद्योग. यापायीच माझं हार्डवेअरचं दुकान बसलं, असं बायको म्हणते. ती काहीही म्हणते.

लुएलाचा कागद भरत आला. उजव्या कडेचा, खालून दुसरा, एवढा एकच चौकोन राहिला. आणि नेमके तेव्हाच तिचे डोळे अधू व्हायला लागले. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं. हिवाळा येईतो बारीक काही दिसेनासं होईल, असं सांगून डॉक्टरने हात टेकले. "कागद पुरा झालेला बघायचाय मला," एवढंच ती म्हणाली.

क्लबात ऑल्डन स्प्रेग नवा होता, सफरचंदाच्या बागेचा मालक. त्याच्या माळ्यावर पणजोबांचं पत्र निघालं, वर हेच तिकीट. गड्याने काय करावं? ते भिजवून काढलं आणि कात्रीने चारी कडा साफ केल्या. या तिकिटांना कडेला फाडायची भोकं नसतात, पोस्टात कात्रीने कापून देत. त्यामुळे भोवती जो वेडावाकडा कागद राहतो, तेच आमचं सोनं.

लुएलाने भिंग लावलं. एकेक कड निरखली.

"ऑल्डन, उजवीकडची कड कुठाय?"

"शेगडीत गेली. तिरकी होती, सरळ केली. आता कसं नीटनेटकं दिसतंय."

"नीटनेटकं तुझं डोकं. हे दोन जागांपैकी एकीचं आहे. त्या दोन्हींत फरक एकच, माझ्या रिकाम्या जागेला चौकटीबाहेर उजवीकडे एक जादा रेघ. ती तू जाळलीस."

ऑल्डनचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "लाव ना रिकाम्या जागी. कोण तपासायला बसलंय?"

"मी बसलेय, थर्मन."

"अगं, हिवाळा तोंडावर आलाय."

"डोळे माझे आहेत. मला ठाऊक आहे." तिने तिकीट परत दिलं आणि ऑल्डनला ॲपल पायचा मोठा तुकडा वाढला, वर चेडर चीज. मला नुसती कॉफी.

हिवाळ्यात दृष्टी गेली. आम्हाला वाटलं, आता ती क्लब सोडणार. कसली सोडते! मंगळवारी काठी टेकत यायची, खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "वाचा." आम्ही भिंगाखाली तिकीट धरून रेघा वाचायच्या, तिने आठवणीतून जागा सांगायची. पूर्ण कागदाचे छापील फोटो क्लबात होते, त्यांच्याशी ताडून बघावं तर बरोबर. राग यायचा मला. आम्ही डोळे फोडून बघणार आणि ही खुर्चीत बसून सांगणार.

ऑल्डनच्या मात्र मनाला लागलं होतं. त्याने जुन्या तिकिटांसाठी अर्धं राज्य पालथं घातलं. मार्चात, मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करायच्या दिवसांत, तो अंगाला धुराचा वास घेऊनच आला. टिपकागदात एक तिकीट, कडा जशाच्या तशा वेड्यावाकड्या.

"वाच," लुएला म्हणाली.

"डावीकडची रेघ वर जरा पुढे गेलीय. खालची दुहेरी आहे. उजवीकडे..." त्याचा आवाज चिरकला. "उजवीकडे बाहेर अजून एक रेघ आहे, लुएला. वरपासून खालपर्यंत."

"थर्मन, तू बघ. याचा जीव गुंतलाय त्यात."

मी बघितलं. फोटोशी ताडलं, पुन्हा ताडलं. रेघ होती.

तिने चिमटा मागितला. डाव्या हाताची बोटं कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावरून वर सरकली आणि रिकाम्या जागेवर थांबली. तिकीट तिने स्वतःच बसवलं, जराही तिरकं न होता. मदतीला जायची कुणाची छाती नव्हती. माझा ऊर असा भरून आला, तसा माझा पोरगा सैन्यातून धडधाकट घरी आला, तेव्हाही आला नव्हता.

लुएला मागे टेकून बसली. "आता सांग, कसा दिसतोय?"

मी कागदावर वाकलो. "भरलाय. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नुसता लाल. कुठेही पांढरं नाही."

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.