काचेतलं पाणी

भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. देवीच्या देवळाखाली वीस वर्षं धंदा केला, पण एक नारळ फोडला नाही. शिक्षण तिसरी. टाईप नातीने केलंय, शब्द माझेच.

यावलच्या वर सातपुड्यात, त्याच देवळापाशी, एक धबधबा आहे. नाव लिहीत नाही, जळगाव-धुळ्याची माणसं ओळखतील. पन्नासेक वर्षांपूर्वी तिथं माझा मिनिट कॅमेरा होता — लाकडी पेटी, तीन पाय, मागे काळं कापड. कापडात डोकं घालायचं. काचेवर चित्र उलटं दिसतं, पाय वर, डोकं खाली. फोटो पेटीतच धुवायचा. गिऱ्हाईक बसायचं धारेसमोरच्या काळ्या दगडावर. 'फोटो बिघडला' हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. त्याचा मला माज होता, लपवत नाही.

भादव्यातली दुपार, कडक ऊन. अमळनेरकडचं जोडपं बाळाचं जावळ काढून आलेलं. दगडावर बसवलं, कापडात शिरलो... काचेत दगड रिकामा.

बाहेर धार करंगळीएवढी. काचेत मात्र लाल पाण्याचा लोंढा. चित्र उलटं, म्हणून खालून वर चढणारा. डोकं बाहेर काढलं — बाई बाळाचं टोपडं बांधतेय, नवरा मिशीला पीळ देतोय. परत आत. आता दगडसुद्धा दिसेना!

पूर येतोय म्हणालो असतो तर हसले असते. तोंडातून निघालं, "उठा! फोटो बिघडना! वर पायऱ्यांवर चला, तठे काढू!"

"काढाच नई, ते बिघडना कसा?" नवरा भडकला. "तुले येस का नई? येत नई ते पेटी ईकी टाक, बाबा!"

शेजारचा फुटाणेवाला खो खो हसला. मी बाईच्या मांडीवरून बाळ उचललं आणि सुटलो. दोघं शिव्या देत मागे. पाच-सहा पायऱ्या चढलो असेन... डोंगरातून भरलेला ट्रक उतरावा तसा आवाज. वळून बघितलं तर दगड पाण्याखाली. पेटी कठड्यावर होती म्हणून राहिली. आभाळात ढग नव्हता.

नवऱ्याने बाळ माझ्या हातातून घेतलं. "आबा, तुमले कसं समजनं?"

खरं सांगायची लाज वाटली. म्हणालो, "पाणीना वास उना."

तिथून माझं नाव झालं. लोक बसण्याआधी विचारायचे, "आबा, वास येस का?" मी काचेत बघायचो आणि ऐटीत सांगायचो, "बसा बिनघोर." पुन्हा काही दिसलं नाही, पाणीही आलं नाही. असे दोन पावसाळे गेले.

मग धुळ्याचे एक मास्तर आले. वर सातपुड्यावर अंधारून आलं होतं. फुटाणेवाला म्हणाला, "आबा, आज नका बसवू." मी त्याच्यावरच डाफरलो — वास मला येतो का तुला? काच स्वच्छ होती. मास्तर चष्मा पुसत होते. मी कागद लावायला पेटीत हात घातला, आणि तोच आवाज...

मास्तर तिसऱ्या दिवशी खाली सापडले.

पहिल्या वेळी लांबचा आवाज कानाला लागला असेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. डॉक्टरने कारण सांगितलं, भगतानेही सांगितलं. एकही पटलं नाही. ज्याने त्या बाळासाठी मला पाणी दाखवलं, त्याने मास्तरांसाठी का नाही दाखवलं?

पण त्या दिवशी आभाळ काळं होतं. ते मला कापडाबाहेरूनही दिसत होतं.